कावेरीकाठचे विज्ञान-प्रदर्शन

शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनात दरवर्षी एक ज्वालामुखी हमखास फुटतो. पुठ्ठ्याचा किंवा शाडूचा एक डोंगर, त्याच्या माथ्यावर भोक, भोकात खाण्याचा सोडा आणि वरून ओतलेले व्हिनेगर. लाल फेस उतू जातो, पाहुणे कौतुकाने मान डोलवितात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. तेथे बहुधा एक सूर्यमाला तारेवर टांगलेली असते. मुलाने काय केले, असे विचाराल तर उत्तर 'डोंगर रंगविला' एवढेच येईल. त्याने कोणता प्रश्न विचारला, असे मात्र विचारू नका. कारण प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. उत्तर आधी ठरलेले, साहित्य बाजारातून आणलेले आणि माहितीचा तक्ता वडिलांच्या सुरेख अक्षरात!

महाराष्ट्रातील मुलाने ज्वालामुखी केला तर निदान त्याच्या पायाखालचा काळा पत्थर लाव्हारसाचा आहे, एवढा तरी त्या खेळाला आधार आहे. परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तंजावर, कुंभकोणम्, तिरुवारूर, नागपट्टणम् या बाजूला गेलात तर ज्वालामुखी राहोच, साधा धोंडा मिळावयाची पंचाईत. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाची ती भूमी. तंजावरच्या प्रचंड देवळाचा दगडदेखील दुरून आणावा लागला. अशा गावांतील सहावी-सातवी-आठवीच्या मुलांनी विज्ञान-प्रदर्शनासाठी काय करावे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. श्रोत्यांपैकी पुष्कळांना वाटेल, तमिळनाडूतील खेड्यांची चौकशी मराठी श्रोत्यांपुढे कशासाठी? त्याचे उत्तर असे की, शाळेतील मुलांना नवे विज्ञान त्यांच्या ओळखीच्या वस्तूंतून शिकवावे, ही कल्पना त्या भागात एका मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी अंमलात आणली होती.

हा राजा म्हणजे दुसरा सरफोजी. व्यंकोजीराजांपासून सुरू झालेल्या तंजावरच्या भोसले घराण्यात तो १७९८ मध्ये गादीवर आला. पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला आणि राजाकडे राहिला किल्ला, राजवाडा आणि १८३२ पर्यंतचे आयुष्य. दुसरा एखादा अशा वेळी शिकारीत किंवा जनानखान्यात रमला असता. सरफोजीने ग्रंथ जमविले, यंत्रे मागविली, देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापविल्या. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंना अन्न मिळे आणि मुलांना शिक्षण. त्याच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' हे एक मराठी नाटक आहे. कुरवंजी हा मूळ तमिळ नाट्यप्रकार, त्यात रानातली कुरवंजी येऊन नायिकेला भविष्य सांगते. सरफोजीच्या नाटकात मात्र ती जगाचा भूगोल सांगते! मुलांना माहीत असलेल्या सोंगाच्या तोंडी खंडे आणि समुद्र घालावेत, ही युक्ती ज्याला सुचली तो शिक्षक म्हणून कच्चा नव्हता.

त्याची आणखी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. सरस्वती महालात त्याच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी जपलेल्या आहेत. रुग्ण कोण, डोळ्याला काय झाले, उपचार कोणता केला, गुण आला की नाही. आणि सोबत त्या त्या डोळ्याची रंगीत चित्रे. चित्रकार दरबारचा होता, पण त्याला काढावयाचा होता आजारी डोळा, आणि तो त्याने दिसला तसा काढला. शाळेतील प्रयोगवहीचा याहून चांगला नमुना शोधूनही मिळणार नाही.

आता त्या मुलुखातील प्रश्नांकडे वळू. पहिला प्रश्न बृहदीश्वराच्या देवळाचा. राजराज चोळाने हे मंदिर १०१० मध्ये पुरे केले. याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीने १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला आहे. या देवळाविषयी सबंध देशात एक आख्यायिका पसरली आहे की, त्याच्या विमानाची म्हणजे शिखराची सावली दुपारी जमिनीवर पडतच नाही. प्रवासी ती ऐकतात, मार्गदर्शक ती सांगतात, पुस्तकांतही ती छापली जाते. बारा वर्षांच्या मुलाने काय करावे? आजोबांशी वाद घालू नये. एक काठी घ्यावी.

एक मीटर लांबीची काठी शाळेच्या अंगणात ओळंब्याने सरळ उभी करावी. अकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली ज्या क्षणी पडते तो खरा मध्यान्ह. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात. तंजावरला ती वेळ एप्रिलमध्ये सव्वाबाराच्या किंचित आधी येते. एवढे कळले तरी मुलाला घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यांतील फरक हाताने शिवून पाहिल्यासारखा होईल. मग हीच सावली महिन्यातून दोनदा वर्षभर मोजावी. तंजावर विषुववृत्ताच्या उत्तरेस पावणेअकरा अंशांवर आहे. म्हणून १८ एप्रिलच्या आणि २५ ऑगस्टच्या आगेमागे सूर्य तेथे नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. महाराष्ट्रात पुण्याला हाच योग मे महिन्यात येतो. याउलट २२ डिसेंबरला तंजावरच्या काठीची मध्यान्हीची सावली ६८ सेंटिमीटर भरते, आणि ती उत्तरेकडे पडते. जूनमध्ये ती २२ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि दक्षिणेकडे पडते. सावली दक्षिणेला पडलेली पाहून मुले चकित होतात. मोठी माणसेही होतात.

काठीवरून आता देवळाकडे यावे. विमानाची उंची २०० फुटांच्या वर आहे, आणि पायाच्या रुंदीचा अर्धा भाग या उंचीच्या साधारण पाव. तेव्हा पुठ्ठ्याचा ४० सेंटिमीटर उंच व २० सेंटिमीटर रुंद पायाचा एक मनोरा करावा आणि काठीशेजारी उन्हात ठेवावा. जूनमध्ये त्याच्या टोकाची मध्यान्हीची सावली मध्यापासून जेमतेम ९ सेंटिमीटरवर येते, म्हणजे पायाच्या आतच राहते. डिसेंबरमध्ये ती २७ सेंटिमीटरवर जाते आणि पायाबाहेर चांगली वीतभर जमिनीवर दिसते. म्हणजे आख्यायिका वर्षाच्या काही महिन्यांपुरती टोकाच्या बाबतीत खरी आहे आणि ऑक्टोबरच्या आरंभापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ती सपशेल खोटी आहे. खालच्या उभ्या भिंतींची चिंचोळी सावली तर सूर्य अगदी माथ्यावर असण्याचे दिवस सोडले तर नेहमीच पडते. शिवाय जेथे ती खरी आहे तेथेही चमत्कार नाही. उंच, निमुळती इमारत आणि विषुववृत्ताजवळचा सूर्य यांचा तो साधा हिशेब आहे. एवढे सिद्ध करून दाखविल्यावर त्या शिल्पींचे मोठेपण कमी होते, असे म्हणणाऱ्याने खडकाळ खाण आणि तंजावर यांमधील अंतर एकदा पायी चालून पाहावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो गमतीचा नाही. कावेरी तिरुच्चिरापल्लीच्या वरच्या अंगाला मुक्कोंबू येथे फुटते आणि तिचा एक फाटा कोळ्ळिडम् म्हणून वेगळा होतो. पुढे कल्लणै हे प्राचीन धरण लागते. करिकाल चोळाच्या नावाने ते ओळखले जाते, आणि १८३० च्या दशकात आर्थर कॉटनने मुक्कोंबूचे धरण बांधण्यापूर्वी त्याचा बारकाईने अभ्यास केला होता. कल्लणैपासून पाणी कावेरी, वेण्णारू आणि कालव्यांत वाटले जाते. मग त्यांचे फाटे, फाट्यांचे फाटे, आणि शेवटी एखाद्या गावच्या शेताच्या बांधाशी येणारा हातभर रुंदीचा पाट. वरचे पाणी १९३४ पासून मेट्टूरच्या धरणात अडते. ते १२ जूनला सोडण्याचा प्रघात आहे, पण पाऊस आणि वरच्या राज्याशी चाललेला वाद यांमुळे ती तारीख पुष्कळदा पाळली जात नाही. कुरुवै म्हणजे पहिल्या हंगामाचे भात त्या तारखेवर अवलंबून असते. नदीच्या वरच्या अंगाचे गाव आणि समुद्रालगतचे शेवटचे गाव यांच्या नशिबात म्हणूनच अंतर पडते.

या बाबतीत मुलांच्या हाती काय आहे? एक संत्रे, एक दोरी आणि एक घड्याळ. पाटाचा सरळ भाग निवडून काठाने दहा मीटर मोजावेत, वरच्या खुणेशी संत्रे सोडावे आणि खालच्या खुणेपर्यंत ते किती सेकंदांत येते ते पाहावे. संत्रेच का? कारण ते बहुतेक बुडलेले असते, त्यामुळे वारा त्याला ढकलू शकत नाही. कागदाची होडी वाऱ्याचा वेग सांगेल, पाण्याचा नव्हे. समजा, २५ सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागावरील पाणी सेकंदाला ४० सेंटिमीटर धावते. तळाशी आणि काठाशी पाणी मंद असते, म्हणून सरासरी वेग त्याच्या चार-पंचमांश, म्हणजे ३२ सेंटिमीटर धरावा. पाट दोन मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल असेल, तर सेकंदाला ३२० लिटर पाणी वाहते. एक हेक्टर भातखाचरात पाच सेंटिमीटर पाणी उभे करावयाचे तर ५ लाख लिटर लागतात. म्हणजे या पाटाने सुमारे २६ मिनिटांत ते व्हावे. ही झाली कागदावरची गोष्ट. आता हीच मोजणी एक किलोमीटर खाली, मध्ये एकही फाटा नसलेल्या जागी पुन्हा करावी. आकडा कमी येईल. किती कमी आला? पाणी कोठे गेले? तळातून झिरपले, गवताने अडविले, की कोणी रात्री बांध फोडला?

येथे मुलाच्या वहीला एकदम वजन येते. गावात 'आमच्याकडे पाणी पोचत नाही' असे प्रत्येकजण म्हणतो; 'वरच्या पुलाशी इतके लिटर होते, खालच्या पुलाशी इतके' असे सांगणारा क्वचितच असतो. अशा वहीत आणखी एक स्तंभ असावा: यंदा पाणी आपल्या गावच्या पाटात कोणत्या तारखेला आले. पाच वर्षे पाच वर्गांनी ही एक ओळ लिहिली तरी ग्रामसभेत ती वाचून दाखविता येईल. मात्र एक सूचना शिक्षकांना. भरल्या कालव्यात पाय घालू नये, खोली पुलावरून दोरीला वजन बांधून मोजावी, आणि मुलांबरोबर पोहता येणारा मोठा माणूस असावा. नदीचा अभ्यास नदीत पडून करावयाचा नसतो.

पाण्याबरोबर गाळ येतो. एका उभट काचेच्या बरणीत तिसरा भाग माती, उरलेली बरणी पाणी, झाकण लावून खूप हलवावे आणि स्थिर ठेवावे. रेती मिनिटाभरात तळाशी बसते, तिच्यावर बारीक गाळ काही तासांत बसतो, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. बरणीच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून थरांची जाडी मोजली की मातीची कुंडली तयार! तिरुवैयारूच्या नदीकाठची, तंजावरजवळच्या शेतातील आणि समुद्राकडील वेदारण्यमच्या बाजूची, अशा तीन बरण्या शेजारी ठेवल्या तर नदीने काय आधी टाकले आणि काय शेवटपर्यंत नेले, याचा अंदाज मुले आपसूक करू लागतात.

याच मातीवर कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै गावातील धातुमूर्तिकारांचा धंदा उभा आहे. ते मेणाची मूर्ती घडवितात, तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचा लेप देतात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत पंचधातूचा रस ओततात. हाच गाळ का? मुलांनी कारागिराला विचारावे, पण त्याच्या उत्तरावर थांबू नये. नदीची, शेताची आणि तळ्याची अशा तीन मातींच्या ओल्या वड्या थापाव्यात. प्रत्येकीवर अंगठा दाबावा आणि सुईने बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ ओढावी. आठवडाभर सावलीत वाळवून रेघ पुन्हा मोजावी. दहाची रेघ नऊ झाली तर माती शेकडा दहा आकसली. कोणत्या वडीवर अंगठ्याच्या रेषा भिंगाखाली अजून स्पष्ट आहेत, कोणती तडकली, कोणती किती आकसली? या प्रयोगाला खर्च शून्य, आणि निकाल असा की तो पाहावयास मूर्तिकार स्वतः येईल.

आता मिठाकडे येतो. त्रिभुज प्रदेशाच्या टोकाला नदी दमते आणि समुद्र वर सरकू पाहतो. नदीचे गोडे पाणी कमी पोचले आणि विहिरींतून उपसा वाढला की खारे पाणी जमिनीखालून आत येते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तर नागपट्टणम् जिल्ह्यातील शेतांवर समुद्र उघडउघड चालून आला. खाऱ्या जमिनीत भात पिकेल काय, हा तेथील कुटुंबांपुढील रोकडा प्रश्न आहे. वर्गातील निम्म्या मुलांचे घर त्यावर चालते.

प्रयोग सोपा आहे. पाच बाटल्यांत एकेक लिटर पिण्याचे पाणी घ्यावे. पहिलीत काही घालू नये. बाकीच्यांत ३, ६, ९ आणि १२ ग्रॅम मीठ विरघळवावे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यावरून या बाटल्यांचा खारेपणा ध्यानी येईल. पाच बशांत टीपकागद अंथरून प्रत्येकीत भाताचे वीस दाणे ठेवावेत, आणि प्रत्येक बशीला तिच्याच बाटलीतील पाणी सारख्या मापाने द्यावे. मीठ सोडून सारे काही सारखे: तेच बियाणे, तीच खोली, तेवढेच पाणी. बिनमिठाची बशी ही तुलनेची बशी. तिच्याविना इतर चारींना अर्थ नाही. रोज एका ठरलेल्या वेळी मोड मोजावेत आणि सातव्या दिवशी मुळाची व कोंबाची लांबी. बहुधा असे दिसेल की मोड बऱ्याच बशांत येतात, पण कोंब मिठाबरोबर खुरटत जातो.

या प्रयोगाला दुसरा अंक जोडता येतो, आणि तो मला सर्वांत आवडतो. तिरुत्तुरैप्पूंडी भागात नेल जयरामन नावाचे एक शेतकरी कार्यकर्ते होऊन गेले. 'नेल' म्हणजे तमिळमध्ये भात. २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी शंभराहून अधिक जुने भातवाण जमविले आणि बियाण्याचा महोत्सव भरवून ते शेतकऱ्यांत वाटले. या वाणांपैकी काही खाऱ्या जमिनीत तग धरतात, अशी जुन्या लोकांची खात्री आहे. कुळियडिच्चान हे त्यांतले एक नाव. तर मग एका रांगेत आजीने सांगितलेले बियाणे आणि दुसऱ्या रांगेत दुकानातून आणलेले, अशा दहा बशा मांडाव्यात. देवळाच्या सावलीला जी कसोटी लावली तीच आजीच्या बियाण्याला लावावी. कदाचित आजी जिंकेल, कदाचित हरेल. निकाल काहीही लागला तरी एक गोष्ट तक्त्यावर स्पष्ट लिहावी: बशी म्हणजे शेत नव्हे. भाताचा दाणा रुजताना खारेपणा बराच सोसतो, कोवळे रोप आणि फुलोरा त्याहून नाजूक असतात. एवढी मर्यादा स्वतः सांगणारा विद्यार्थी परीक्षकांना दहा रंगीत दिव्यांपेक्षा अधिक उजेड दाखवील.

खेळण्यांविषयी थोडेसे. तंजावरची बाहुली आपल्याकडेही दिवाणखान्यात दिसते: गोल बुडाची, पाडली की उठून बसणारी. तिचे रहस्य असे की बुडात जड माती आणि वर हलका कागदाचा लगदा असल्यामुळे तिचा गुरुत्वमध्य बुडाच्या गोलाईच्या केंद्राखाली राहतो. नारळाची अर्धी करवंटी घ्यावी, तळाशी चिखल थापावा, वर पुठ्ठ्याचा शंकू बसवावा. मग शंकूच्या टोकावर एकेक नाणे चिकटवीत जावे. कितव्या नाण्याला बाहुली उठावयाचे नाकारते? चिखल दुप्पट केला तर नाणी दुप्पट लागतात काय? नाणे टोकाऐवजी निम्म्या उंचीवर चिकटविले तर? तिन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि तिन्हींची उत्तरे वहीतच मिळतात. संगीताची आवड असलेल्या मुलाने तंजावरी वीणेकडे वळावे. फळीवर एक तार ताणून ती निम्म्यावर दाबली तर वरचा षड्ज ऐकू येतो. बाकीचे स्वर कोणत्या लांबीवर मिळतात ते मोजपट्टीने पाहावे. तिरुच्चिरापल्लीजवळ १८८८ मध्ये जन्मलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन् यांनी प्रकाशाकडे वळण्यापूर्वी वीणा आणि मृदंग यांच्या नादाचा असाच छडा लावला होता.

शिक्षकांना आणि पालकांना दोन शब्द. १९९३ पासून भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी गट करून आपल्या परिसरातील प्रश्न अभ्यासावा, अशी अपेक्षा असते. अपेक्षा उत्तम, पण घरोघरी काय होते हे आपण जाणतोच. प्रयोग फसला की आई बशीत चार मोड वाढवून लिहावयास सांगते, कारण शेजारच्या मुलाचा आलेख अधिक सरळ आहे. सरफोजीच्या नोंदींची आठवण मी यासाठीच काढली. राजाच्या दरबारात रुग्णाचा डोळा जसा होता तसा रंगविला गेला. आपल्या मुलाच्या वहीत एक वाकडी रेघ राहिली तर कोणाचे काय बिघडणार आहे? संत्रे एकदा गवतात अडकले तर 'अडकले' असे लिहावे आणि पुन्हा सोडावे. प्रत्येक मोजमाप तीनदा घ्यावे. तिन्ही आकडे वेगळे येतील, आणि ते वेगळे का येतात यावर एक संपूर्ण तास चांगला जाईल.

शेवटी एक प्रकल्प असा सांगतो, जो कावेरीकाठच्या शाळेला एकटीने करता येणार नाही. त्यासाठी महाराष्ट्रातील शाळा लागेल. ईजिप्तमध्ये सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसने दोन गावांतील मध्यान्हीच्या सूर्यकिरणांची तुलना करून पृथ्वीचा परीघ काढला. आपल्याला ती दोन गावे तयार मिळाली आहेत: तंजावर आणि पुणे. शून्य सावलीचा एप्रिलचा दिवस परीक्षांत जातो आणि ऑगस्टमध्ये पुण्यावर ढग असतात. म्हणून २२ डिसेंबर हा दिवस धरावा, जेव्हा पुण्याचे आकाश बहुधा निरभ्र असते. तंजावरला त्या दिवसांत पावसाचे एखादे सावट असू शकते. तसे झाल्यास दोन्ही शाळांनी पत्राने ठरवून दुसरा दिवस घ्यावा. दिवस कोणताही चालतो, फक्त तो दोघांचा एकच हवा.

दोन्हीकडे एक मीटरची काठी, दोन्हीकडे ओळंबा. आपापल्या गावचा खरा मध्यान्ह आपापल्या सावलीवरून शोधावयाचा. तंजावरला तो पुण्याच्या सुमारे २१ मिनिटे आधी येतो, आणि हा फरक दोन गावांच्या रेखांशांतला आहे, हे सातवीच्या भूगोलात आलेले असतेच. तंजावरची सावली ६८ सेंटिमीटर भरेल, पुण्याची जवळजवळ ९०. कागदावर काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजले की एक ३४ अंशांहून किंचित अधिक आणि दुसरा ४२ अंशांच्या जवळ येईल. वजाबाकी पावणेआठच्या आसपास. नकाशावर पुण्याच्या अक्षवृत्तापासून तंजावरच्या अक्षवृत्तापर्यंतचे सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ८६० किलोमीटर आहे. पावणेआठ अंशांना ८६०, तर ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक आहे. उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळपास यावे. मुलांचे उत्तर अडतीस हजार आले किंवा त्रेचाळीस हजार आले, तरी तेच दोन्ही शाळांनी आपापल्या प्रदर्शनात मांडावे, एकीने तमिळमध्ये आणि दुसरीने मराठीत. शेजारी ती दोन पोस्टकार्डे लावावीत: एकावर ओरत्तनाडूचा शिक्का आणि '६८', दुसऱ्यावर पुण्याचा आणि '९०'.